बाबांचं नाक मी होते

बाबांशी मी एक खोटं बोलले, आणि त्यांनी ते आयुष्यभर खरं मानलं.

आज सकाळी सिकंदराबादच्या हॉस्पिटलमध्ये ते गेले. आता तरी सांगते.

बाबा शहराबाहेरच्या एका केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट इनचार्ज होते. मिथेनॉल आणि अमोनिया गरम कॅटॅलिस्टवरून सोडायचे, की अमाइन्स नावाची उग्र वासाची रसायनं तयार. त्यांचे तीन प्रकार: मोनो, डाय आणि ट्राय.

"ट्रायला फारसं गिऱ्हाईक नाही. त्याला परत रिॲक्टरमध्ये धाडतो," ते सांगायचे.

पण तोच ट्राय त्यांच्या कपड्यांना, केसांना चिकटून घरी यायचा. सडक्या मासळीचा वास!

आम्ही घरात अंडंही न आणणारे लोक. आणि घरमालकीण आईला जिन्यात गाठायची, "सच्ची बोलो, मच्छी पकाते ना तुम लोगां?"

आई संतापायची. बाबा पोट धरून हसायचे.

त्यांना स्वतःला तो वास येतच नसे. इतक्या वर्षांत नाकाला सवय झालेली. म्हणून कुठे जायचं असलं की आंघोळ करून, अंगाला लिंबू चोळून माझ्यासमोर उभे राहायचे.

"मीनू, बघ ग. येतोय का?"

"येतोय" म्हटलं की परत बाथरूममध्ये. "नाही" म्हटलं की चपला घालायचे.

विद्यानगरला माझ्या कॉलेजात बक्षीस समारंभ होता. बाबांनी खास रजा काढली. दोनदा आंघोळ, नवा शर्ट, तीन लिंबं.

"येतोय का ग?"

फक्त साबणाचा वास येत होता.

पण आदल्या वर्षी एका मैत्रिणीने त्यांच्यासमोर नाकाला ओढणी लावली होती. ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. रिस्क नको, एवढंच वाटलं.

"थोडा येतोय, बाबा."

या वेळी ते पुन्हा आत गेले नाहीत. "मग तूच जा. लेट नक्को करू," म्हणाले, आणि शर्ट काढून त्याची घडी घातली.

त्यानंतर "येतोय का" असं त्यांनी मला कधीच विचारलं नाही. दिलसुखनगरच्या हॉलमध्ये माझं लग्न झालं, तेव्हा विधी आटोपताच शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी जाऊन बसले. रिटायर झाले, प्लांट सुटला, तरी तसेच. नात उचलून घ्या म्हणाली की आधी माझ्याकडे बघायचे.

"घेऊ ना?"

"घ्या की, बाबा!" मी हसून म्हणायचे. खरं सांगायची हिंमत झाली नाही. फार लाज वाटते मला.

परवा हॉस्पिटलमध्ये मी त्यांच्या बेडवर अगदी जवळ टेकले. अंगात ताकद नव्हती, तरी ते हळूहळू पलीकडे सरकले.

"आज आंघोळ नाही झाली ग," म्हणाले.

बाबा, सुखाने जा. मीनूला माफ करा.