फोन म्हणला, आज मोटर नको

जेऊरात माजं मोटर रिवायंडिंगचं दुकान हाय. जळकी तांब्याची तार कोपऱ्यात साठत जाती, टाकून कोण देत न्हाय. किश्श्यांचं बी तसंच. चार टाळकी दुकानात बसत्यात अन् रोज एखादा टाकून जात्यात. औंदा ढीग झालाय तो निस्ता त्या एआयचा!

मी सातवी नापास. डोस्कं मोटरीपेक्षा लवकर तापतं. सूनबाईनं फोनात ते एआय घालून दिलं. म्हणली, "मामा, मराठीत बोला, त्याला कळतं."

मी म्हणलं, "माज्या बागेतल्या केळीचं पान पिवळं पडलंय, काय करू?"

त्यानं उलटं मलाच पाच प्रश्न घातले! माती कसली, लागवड कधीची, पाणी किती... माजं डोस्कं फिरलं. "आरं, मला ठावं असतं तर तुला कशाला इचारलं असतं?"

ते शांतपणे म्हणतंय, "तुमचं म्हणणं बरोबर आहे."

जल्मात पयल्यांदा कुणीतरी मला बरोबर म्हणलं! बायकूला हाक मारून ऐकवलं. ती भाकरी थापत म्हणली, "मग नक्कीच ते माणूस न्हाय!"

*

भिवानाना म्हंजी आमच्याकडचा केळीचा डाक्टर. शाळा न्हाय, पर मुळीचा वास घिऊन रोग सांगतो. आता लोकं पानाचा फोटू काढत्यात अन् फोनला इचारत्यात. नानाला बोलवणं येईना, दिसभर माज्या दुकानात बसून.

मी म्हणलं, "नाना, मशिनीनं तुजं काम खाल्लं की!"

"काम खाऊ दे रं," नाना म्हणला. "मी गेलो की लोकं घरचं सुखदुःख बोलायची, चहा व्हायचा. त्या फोनला 'बस की' कोण म्हणतंय?"

बोलण्यात हरलो की मी वरडतो. तसा वरडलो.

पर पुढचं ऐका. माज्या पिवळ्या पानावर फोननं तीन-तीन रोग सांगितले. नानानं मुळी उकरली, नाकाला लावली. "कुजलीय. पाणी लई पाजलंस." मग मुळीचा फोटू टाकला, तर फोन बी तेच म्हणला!

नाना मिशीत हसला. "पोरगं हुशार हाय. निस्तं नाक न्हाय त्याला!"

*

आमचे गुर्जी रिटायर झालेत, पेपर कोपरा न् कोपरा वाचत्यात. एक दिस म्हणले, "दत्तू, तुझ्या त्या एआयची मोठाली मशिनं असतात कुठंतरी. ती तापतात. त्यांना वीज लागते, गार ठेवायला पाणी लागतं. तू इथं प्रश्न विचारलास की तिकडं पाणी गेलं."

सोलापूर जिल्ह्यात 'पाणी गेलं' म्हणलं की बसलेला माणूस उठतो. मी उठलो.

"पाणी पितंय? मग पाळीत नाव घाला की त्याचं! आमी पाळीनं घेतो, त्यानं बी पाळीनं घ्यावं!"

नाना म्हणला, "त्याला कसली पाळी? आपून लाईट यायची वाट बघतो, त्याची जातच न्हाय!"

गुर्जींचं खरं हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. तवापास्नं दुकानात नेमच केला, फोनला फालतू काय इचारायचं न्हाय. दुसऱ्याच दिशी गुर्जी भिताडाकडं तोंड करून हळूच फोनला सांगत हुते, "नातीच्या वाढदिवसाची कविता अजून एकदा बदलून दे."

अख्खं दुकान वरडलं, "गुर्जी, पाणी सांडतंय!"

पर मी म्हणतो, ते पितं किती हे बघता, तर वाचवतं किती हे बी बघा की!

*

माजी अन् चुलतभाऊ हणमंताची विहीर सामाईक. तीन दिस त्याची पाळी, तीन दिस माजी. सात वर्सांमागं माज्या पाळीत त्याची मोटर अर्धा तास चालली अन् मी त्याची कॉलर धरली. तवापास्नं बोलणं बंद, येणं-जाणं बंद. औंदा उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. आटली तर दोघांचीबी केळी हुब्या हुब्या जळणार, हे दोघांनाबी ठावं. पर आधी बोलायचं कुणी?

अन् आमच्यात पाळी कोण सोडत न्हाय. वरनं पाऊस पडत असला तरी मोटर चालूच! माज्या लग्नात अक्षता पडत हुत्या, तवा बी माज्या बापानं मोटर चालू ठिवली हुती. पाळीला मोटर बंद ऱ्हाती ती एकाच वक्ताला, घरात मयत झाली तर.

सूनबाईनं बागेत ओल मोजायची काठी रवलीय, ती फोनला खबर देती. माज्या पाळीचा पयला दिस. फोन म्हणला, "आज पाणी देऊ नका. मुळाशी पुरेशी ओल आहे."

मी फोन भिताडावर मारायला उचलला! सूनबाईनं हात धरला. "मामा, आधी विहिरीत डोकवा तरी!"

नानाला बोलवलं. त्यानं मुळी नाकाला लावली. "फोनचं खरं हाय. परत कुजवायचीय व्हय?"

दात खात घरी आलो. नऊला लाईट आली. मोटर बंद. हात निस्ते शिवशिवत हुते. बायकूनं चहाची बशी हातात दिली, म्हणली, "प्या, अन् गप बसा."

तेवढ्यात बांधावरनं हणमंता पळत येताना दिसला. अनवाणी. मागं त्याची बायकू, पदर तोंडाला लावून. सात वर्सांत पयल्यांदा आमच्या दारात! मी बशी घिऊन हुबा. त्यानं मला वरपास्नं खालपर्यंत बघितलं अन् मटकन उंबऱ्यावर बसला.

"आरं दत्त्या," तो म्हणला, "जित्ता हाईस व्हय तू!"