अकराव्या अंकातला माळीबुवा

मी निघाले त्या सकाळी गाडी फाटकाशी उभी होती, सामान चढलं होतं, आळीतल्या बायका निरोपाला जमल्या होत्या आणि बाबांचा पत्ता नव्हता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून पाहिला. आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, पोरगी सातासमुद्रापार चाललीय आणि ह्याला झाडं सुचतायत. तेवढ्यात मागच्या वाडीतून बाबांचा आवाज आला, "दोन वाफे ऱ्हायलेत. पानी घालून येतो." आले तेव्हा पाय ढोपरापर्यंत चिखलाने भरलेले. तसेच गाडीत बसले आणि भुईगाव ते विमानतळ एक अक्षर बोलले नाहीत. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

राग आधीपासूनच होता म्हणा. आदल्या दिवशी मोगरा तोलायच्या काट्यावर माझी बॅग टांगली तर वजन जास्त भरलं. लोणच्याची बरणी काढायला आत्या तयार नव्हती, थंडीचे कपडे काढून चालणार नव्हते. शेवटी माझी कॉमिक्स बाहेर आली. माझा शाळेतला मित्र नेल्सन ती खोक्यात भरून स्कूटरवर घेऊन गेला. जाताना म्हणाला, "वैशू, तू परत येईपर्यंत मी सांभाळतो, पण वाचणार मात्र सगळी." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

हे मी तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय, माणिकपूरला रविवारी जमणाऱ्यांसाठी आणि माझ्यासारखे बाहेर पडून आता मोबाइलच्या चौकटीतून हजेरी लावणाऱ्यांसाठीही. जुन्यांना यातलं बरंच ठाऊक आहे. पण विरारच्या टॉवरमधून येणारी नवी मुलं मागून पुढे वाचायची जपानी कॉमिक्स घेऊन येतात आणि विचारतात की खाडा म्हणजे काय, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

बाबा मोगरा घेऊन दादरच्या फुलबाजारात जायचे. येताना फुटपाथवरच्या रद्दीवाल्याकडून माझ्यासाठी पुस्तकं आणायचे. त्यांना मराठी पेपर वाचता येतो, इंग्रजी नाही. त्यामुळे निवड चित्रावरून. कव्हरवर यान असलं की ते बायचं, म्हणजे माझं, पुस्तक. एकदा असंच एक यान बघून त्यांनी कुकरचं माहितीपत्रक आणलं होतं, ते चित्र बघता मी त्यांना दोष देणार नाही. पण क्रम नावाची गोष्ट त्यांच्या गावी नव्हती. सातवा अंक आधी, मग दुसरा, मग थेट बारावा. मधले कधी मिळायचे, कधी नाही.

नेल्सनच्या वडिलांचं वसईत माणिकपूरला झेरॉक्सचं दुकान होतं, रविवारी बंद. चर्चमधली सकाळची मिसा सुटली की नेल्सन अर्धं शटर वर करायचा आणि आम्ही आत. आम्ही म्हणजे नेल्सन, मी आणि आमच्याच शाळेतली मेघना. ज्याने त्याने आपण काय वाचतोय ते सांगायचं, एवढाच कार्यक्रम. नियम दोन. शेवट सांगायचा नाही, हवा तर पुस्तक घरी न्यायचं. आणि मधला अंक मिळत नसेल तर तो कुणीतरी तोंडी सांगायचा. कामावरचा खाडा जसा दुसऱ्या दिवशी भरून काढतात तसा. सगळ्यांना पटला की तो अंक खरा. मग त्यावर वाद नाही, पुढच्या अंकात काही जुळलं नाही तर छापणाऱ्याची चूक.

'नववा चंद्र' आमचं सगळ्यात लाडकं. मूळ इंग्रजी नाव लांबलचक होतं, हे आम्ही ठेवलेलं. दूरच्या एका चंद्रावर माणसांचं ठाणं, काचेच्या छपराखाली भाजीचे मळे, आणि ते मळे राखणारा एक म्हातारा, ज्याला आम्ही माळीबुवा म्हणायचो. दहाव्या अंकाच्या शेवटी भोंगा वाजतो. ठाणं धोक्यात, सगळ्यांना न्यायला यान येतंय. बाराव्यात सगळे पृथ्वीच्या वाटेवर. पण बाराव्यात माळीबुवा कुठल्याच चौकटीत नाही. अकरावा आमच्याकडे नव्हता.

तो खाडा काही केल्या भरेना. नेल्सनने माळीबुवाला राक्षसाच्या तोंडी दिलं, मेघनाने त्याला यंत्रमानव केलं. दोन्ही कुणाला पटेना. बाबा रिकाम्या करंड्या घेऊन बाजारातून आले होते, मला घरी न्यायला दुकानाच्या पायरीवर बसले होते. कोण हरवलाय म्हणून त्यांनी विचारलं. आम्ही गोष्ट सांगितली, चित्रं दाखवली. मळ्याचं चित्र त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, हा गेलाच नाही. सगळ्यांना यानात बसवलं, दार लावलं आणि मागे फिरला. झाडांना पाणी घालायचं राहिलं होतं.

मेघनाने विचारलं, मग तो घरी कधीच येणार नाही का?

"येल ना. पाऊस लागला का येल."

नेल्सन म्हणाला की काका, चंद्रावर पाऊस नसतो. बाबांनी करंड्या उचलल्या. "मग ऱ्हाईल बिचारा," म्हणाले आणि चालू लागले. मेघना रडली होती, हे ती आता कबूल करत नाही. अकरावा अंक ठरला तो असा.

आता मी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला एका छोट्या शहरात राहते, लॅबमध्ये काम करते. पहिल्या हिवाळ्यात खोली गरम करणारा हीट पंप कसा लावायचा ते कळेना म्हणून कोट घालून झोपले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला इथे डेअरी म्हणतात, तिथे मी दोनदा श्रीखंडाला चक्का विचारून आले. आता सवय झाली. लायब्ररीत सायन्स फिक्शन वाचणाऱ्यांचा एक क्लब आहे, महिन्यातून एकदा जमतो, मी जाते. माणसं गोड आहेत. शेवट उघड होणार असेल तर आधी परवानगी घेतात. मी एकदा त्यांना खाड्याची पद्धत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग एकाने फोन काढून मी म्हणत होते त्या अंकाचा सारांश मिनिटभरात शोधून दिला. त्याचा हेतू चांगला होता. इथे सगळं पूर्ण मिळतं. कुणाला कुणाकडून काही ऐकून घ्यायची गरजच पडत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं हे त्यांना कसं सांगू ते कळत नाही.

गेल्या वर्षी बाबा बावखलाच्या पायरीवरून घसरले. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं, मोगऱ्याचं पाणी तिथूनच जातं. घोटा मोडला. नेल्सनने दवाखान्यात नेलं, प्लास्टर होऊन घरी आणलं आणि मग मला कळवलं, कारण आधी सांगायचं नाही अशी बाबांची ताकीद होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली, आत्याही आता मुलाकडे विरारला असते. घरात दुसरं माणूस नाही. मी ठरवलं की बस झालं. वाडीला कुलूप लावायचं आणि बाबांना कायमचं इकडे आणायचं. कागदपत्रं केली, व्हिसाही आला. बाबा दर वेळी म्हणायचे, "बघू." भुईगावात 'बघू' म्हणजे नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण फोन वाजला आणि उचलला गेला नाही की मी पुन्हा पुन्हा लावत बसायचे. बाबांना एकटं असताना काही झालं आणि मी इतक्या लांब असले, हीच एक भीती मला रोज सकाळी उठवायची.

त्याच सुमारास नेल्सनने घोळ घातला. आता दुकान तो चालवतो, रविवारचं अर्धं शटर अजून तसंच आहे. परदेशातल्या चाहत्यांच्या एका ग्रुपवर 'नववा चंद्र'ची चर्चा निघाली आणि हा पठ्ठ्या तिथे ठासून सांगून आला की माळीबुवा अकराव्या अंकात मागे राहतो. लोक हसले. असं काही नाहीच म्हणाले. नेल्सन हटेना. मी तो अंक स्वतः वाचलाय, यानाचं दार लावतानाचं चित्र मला आठवतंय, असं त्याने लिहिलं. गंमत म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ते चित्र आठवतं. मला विचाराल तर मलाही आठवतं. दाराच्या कडीवर चिखलाचा हात आहे.

नेल्सनचा मेसेज आला की इज्जतीचा सवाल आहे, तिकडच्या लायब्ररीत अकरावा शोध. लायब्ररीने दुसऱ्या गावाहून सगळ्या अंकांचं जाडजूड बांधीव पुस्तक मागवून दिलं. मी ते बस स्टॉपवरच उघडलं. अकराव्यात नुसती मारामारी. माळीबुवा एकाच चौकटीत, रांगेत उभा राहून हातात पिशवी घेऊन यानात चढतोय. बस्स. मळ्याचं नाव नाही. लिहिणारा पुढे त्याला विसरूनच गेला असावा.

नेल्सनचं वाईट वाटलं, पण खरं सांगते, मी खूश झाले. बाबांना दाखवायला मला हेच हवं होतं. छापील पुरावा. माळीबुवासुद्धा झाडं सोडून पोरांबरोबर निघून जातो आणि काही बिघडत नाही.

त्या रविवारी तिकडे मिसा सुटली तेव्हा इकडे दिवे लागले होते. नेल्सनने बाबांना मुद्दाम रिक्षाने आणलं होतं, खुर्ची देऊन पुढे बसवलं होतं. आधी रीतसर सगळ्यांचं वाचन झालं. मेघना आता शाळेत शिकवते, ती समुद्रात बुडालेल्या शहराची एक मराठी कादंबरी वाचतेय, त्यातली वर्णनं वाचून आपलं किनाऱ्यावरचं कळंब-राजोडी आठवतं म्हणाली. विरारच्या मुलांनी त्यांचं जपानी कॉमिक सांगितलं. मग माझी पाळी आली. मी पान कॅमेऱ्यासमोर धरलं आणि मराठीत सांगत गेले. माळीबुवाची चौकट आली तेव्हा बोट ठेवून दाखवली. बघा, चढला यानात. नेल्सनने कपाळाला हात लावला.

बाबा फोनच्या अगदी जवळ आले. मला त्यांचं कपाळ आणि चष्मा एवढंच दिसत होतं. पान पुन्हा दाखव म्हणाले. मी दाखवलं.

"मानसं गेली ते बरं झालं," ते म्हणाले. "पन मग पानी कोन घालते?"

मी पुढचं पान उलटलं, त्याच्या पुढचं उलटलं. उत्तर तिथे नव्हतं. मला एकदम चीड आली. मी म्हटलं की बाबा, हे कॉमिक आहे, कुणी पाणी घालत नाही, झाडं मरतात, आणि माणूस जिवंत राहतो तेवढं पुरे नाही का. शटरखाली जमलेले सगळे जमिनीकडे बघू लागले. ह्या घडीला माळीबुवाबद्दल कुणी बोलत नाहीये, हे विरारच्या मुलांनाही कळलं.

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. "त्या चंद्रावर पाऊस नव्हता, बाय. आपल्याकडं हाय. मोगरा पावसात निजतो, त्याला माझी गरज नस्ते. जूनला येतो. गनपती गेल्यावर मला परत धाड."

मग मेघना तिच्या शाळेतल्या आवाजात म्हणाली, "अकरावा आपलाच खरा. छापणाऱ्याची चूक." नेल्सनने तसं लगेच त्या परदेशी ग्रुपवर लिहून टाकलं. तिथे त्याला आता कुणी उत्तर देत नाही.

जूनला बाबा आले. आमचा पावसाळा म्हणजे इथली कडाक्याची थंडी. दोन स्वेटर घालून ते खिडकीशी बसायचे, फोनवर वसईचा पाऊस बघायचे आणि वाडी भिजतेय म्हणून निवांत असायचे. लायब्ररीच्या क्लबला मी त्यांना घेऊन गेले. एका आजींच्या मालिकेतलं मधलं पुस्तक सापडत नव्हतं. मी दुभाषी झाले, बाबांनी खाडा भरला. कुणी फोन काढला नाही. गणपती गेल्यावर मी त्यांना विमानात बसवलं आणि ठरल्याप्रमाणे परत धाडलं. भीती गेली असं नाही. फोन उचलला गेला नाही की अजून पुन्हा पुन्हा लावत बसते. पण आता मला माहीत असतं की ते कुठे असतील.

तुमचं घर कोणतं, असं इथे लोक विचारतात. पूर्वी मी भुईगाव म्हणायचे आणि मग मलाच शंका यायची. बाबा जाताना खिडकीत मिरचीचं एक रोप लावून गेलेत. त्याला लाल मिरच्या धरल्यात. डिसेंबरात मी वसईला येतेय, माझं कॉमिक्सचं खोकं तयार ठेवा. शेजारच्या आजींना मी किल्ली दिलीय, किती पाणी घालायचं ते दाखवलंय. पाणी कोण घालणार ते आधी ठरवलं, तिकीट नंतर काढलं.