गाळवाल्या सरांचा कोपरा

आमचे गाळवाले सर माती चावून बघायचे. तळ्यातल्या गाळाचा कण पुढच्या दातांत धरायचे, हलकेच चावायचे आणि थुंकून टाकायचे. करकरला तर त्यात रेती. लोण्यासारखा लागला तर तिथं पाणी शांत होतं. केजच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. आमच्या गावच्या डोंगरातल्या तळ्यावर पहिल्यांदा आले तेव्हा शेळ्या राखणारे नामामामा ओरडले, "मास्तर, घरी भाकर मिळंना का?"

"मिळते मामा," सर म्हणाले, "पण ती इतकी जुनी नसते."

मी त्यांचा विद्यार्थी. पोकळ नळी गाळात दाबायला मी सोबत असायचो. त्या गाळातून ते परागकण वेगळे करत आणि सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवत. "वर नुसतं गवत न् बाभळी. हातभर खाली जा, साग लागतो, ऐन लागतो. ह्या बोडक्या डोंगरावर रान होतं. ते कधीपासून होतं, त्याच्या आधी काय होतं, हे आणखी खाली हाय." इथं झाडं नव्हतीच कधी, असं कुणी म्हणालं की हा शांत माणूस चिडायचा.

आमची नळी दोन हातांच्या खाली जाईना. निवृत्तीनंतर त्यांनी लांब नळी करायला टाकली. तोवर तळ्याचा उत्तरेचा कोपरा, जिथला गाळ कधीच वाळला नव्हता आणि म्हणून जुने परागकण टिकले होते, तेवढा सांभाळ म्हणाले. मी तेव्हा उपसरपंच होतो. शब्द दिला.

त्या उन्हाळ्यात तळं आटलं आणि गाळ काढायला जेसीबी आला. कोपऱ्यापाशी चुलतभाऊ म्हणाला, "हा कावून सोडायचा बे? गाळ तर हितंच लई चांगला हाय. एका म्हाताऱ्याच्या खुळापायी?" सगळे माझ्याकडे बघत होते. निवडणूक जवळ आली होती. मी म्हणालो, "घ्या." त्या कोपऱ्यातला पहिला ट्रॅक्टर माझ्याच शेतात रिकामा झाला.

पंधरा दिवसांनी सर नळी घेऊन आले. कोपरा खडकापर्यंत खरवडलेला होता. त्यांनी नळी खडकावर आडवी ठेवली.

"मी बीडला गेलतो, सर," मी म्हणालो. "माघारी आलो तोवर सगळं झालं होतं."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू असतास तर अडवलं असतंस. मनाला लावून घेऊ नको."

गेल्या वर्षी सर गेले. त्यांच्या पत्नीनं त्यांची वही मला दिली. शेवटच्या नोंदीत माझं नाव आहे: तो त्या दिवशी गावात नव्हता, नाहीतर कोपरा वाचला असता. तपासल्याशिवाय एक ओळ न लिहिणाऱ्या माणसानं एवढी एकच ओळ माझ्या शब्दावर लिहिली.