ठकूआत्याची काठी

आमच्या घराला वर्षातले आठ महिने दारच नसायचं. मेंढरं जातील तिकडं घर. पैठणकडून निघायचं, शेतकरी ज्या रानात मेंढरं बसवू देईल तिथं पाल ठोकायचं, आणि चारा संपला की पुढं. सातवीपर्यंत मी पाच शाळा बघितल्या. एकीच्याही हजेरीत माझं नाव वर्षभर टिकलं नाही. कीव यावी म्हणून हे सांगत नाही. तेव्हा असंच होतं.

ते बदललं ठकूआत्यामुळं. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. शहरात औरंगपुऱ्यामागच्या मुलींच्या वसतिगृहात ती बॉयलर सांभाळायची. बॉयलर म्हणजे डिझेलवर चालणारं एक जुनं धूड; त्याच्यावर ऐंशी मुलींच्या आंघोळीचं पाणी तापायचं. आधी तिचा नवरा ते चालवायचा. त्याच्या हाताखाली बघून बघून ती शिकली आणि तो गेल्यावर काम तिच्याकडं आलं. नोकरीबरोबर बॉयलरला लागून एक खोली होती. त्या खोलीत राहून मी आठवीपासून कॉलेजपर्यंत शिकले. आत्याची नोकरी गेली तर खोली जाणार, आणि खोली गेली की मी परत मेंढरांमागं. हे दोघींनाही ठाऊक होतं. आम्ही ते बोलत नव्हतो.

आत्या कायम दमलेली असायची. बसताना "आई गं" आणि उठताना "चला". मी म्हणायचे, "आत्या, जरा पड की." तर म्हणायची, "लई दमले गं, पर सांगू कुणाला? बॉयलरला?" तरी रोज दिवेलागणीला गुडघा दाबत ती लोखंडी शिडी चढायची आणि भिंतीवरच्या डिझेलच्या टाकीत खुणा केलेली काठी बुडवायची. टाकीला डिझेल दाखवणारा काटा होता, पण तो कधीपासून एकाच जागी अडकलेला. "काट्याचं काय खरं नाय," ती म्हणायची, "काठी बुडली तेवढंच खरं."

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. परीक्षा तोंडावर आलेली, आणि आत्याला ताप भरला. घोंगडीतून म्हणाली, "पोरी, तेवढी काठी बघून ये." मी पुस्तकात होते. शिडी चढायचा कंटाळा आला. बसल्या जागेवरून म्हटलं, "हाय अर्धी."

सकाळी सहाला बॉयलर विझला. टाकी कोरडी ठणठणीत.

कारकून साहेब कॅन घेऊन पंपावर गेले, डिझेल आणून टाकीत ओतलं आणि बॉयलरचं लाल बटण दाबायला लागले. लिफ्ट येईना म्हणून दाबावं तसं दाबत होते. बाहेर मुली बादल्या वाजवत उभ्या. रेक्टर मॅडम शाल गुंडाळून आल्या आणि म्हणाल्या, "मी कधीची सांगतेय, आयटीआयवाला मुलगा आणा. हे बाईमाणसाचं काम नाही."

तेवढ्यात घोंगडी पांघरून आत्याच आली. अंग नुसतं भाजत होतं तिचं.

"साहेब, हात काढा. किती वेळा दाबलं?"

"चार-पाच वेळा. पेटतच नाही ना!"

"पेटंल कसं? पोट फुगलंय त्याचं. फुगल्या मेंढराला वरून कितीबी चारा घाला, आधी हवा निघाया पायजे."

टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते आणि नवं डिझेल नीट पुढं सरकत नाही. एवढंच होतं. आत्यानं बॉयलरचं दार उघडून, दर वेळी बटण दाबल्यावर हवेबरोबर थोडं थोडं आत उडालेलं डिझेल फडक्यानं पुसून घेतलं. "हे असंच पेटलं असतं तर दार आपल्या तोंडावर आलं असतं," ती म्हणाली. मग ती पायरीवर बसली. डिझेल ओतताना ढवळलेला टाकीतला गाळ खाली बसेपर्यंत कुणालाही हात लावू देईना.

एक मुलगी ओरडली, "आत्या, आंघोळ आज व्हायची की उद्या?"

"एक दिवस पारोशी ऱ्हायलीस तर रूप जात नाय तुझं!"

मुली हसल्या. आत्या हसली नाही. गाळणी धुतली, पान्यानं नळीचा स्क्रू ढिला केला, खाली डबा धरला. आधी फेस आला. मग बुडबुडे. ती बघत राहिली. सलग धार लागली तेव्हा स्क्रू आवळला.

"आता एकदाच दाबायचं, अन् गप बसायचं," म्हणत तिनं बटण दाबलं. भक्क आवाज झाला आणि बॉयलर घुमायला लागला.

मॅडमनी विचारलं, "काल टाकी कोणी बघितली होती?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "मीच. चुकलं माझं."

आणि मी उघडलेलं तोंड मिटलं.

दुपारी मेमो आला. आत्याला वाचता येत नव्हतं. तिनं कागद माझ्यापुढं धरला. "वाच की. शिकलीस कशाला?" मी वाचलं : कामात हलगर्जीपणा झाला आहे, पुन्हा घडल्यास कामावरून कमी करून खोली रिकामी करून घेण्यात येईल. हलगर्जीपणा हा शब्द माझा होता आणि मीच तो तिला वाचून दाखवत होते. ऐकून ती भिंतीकडं वळली. "आज काठी लाव," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी शिडी मी चढले. परीक्षा असो, पाऊस असो.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी रेक्टर मॅडमना अर्ज लिहून दिला : त्या दिवशी टाकी बघायचं काम माझ्याकडं होतं, मी न बघता खोटं सांगितलं, आत्याचा दोष नाही. मॅडमनी तो वाचला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि आत्याच्या फाइलमध्ये मेमोवर टाचला. आत्या मात्र भडकली. "मिटलेलं कशाला उकरलंस?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "काय लिवलंस, वाच." मी वाचलं. "परत वाच." परत वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "काठी लावली का आज?"

पुढं गच्चीवर सोलर बसलं, बॉयलर भंगारात गेला आणि आत्या माझ्याकडं राहायला आली. मागच्या वर्षी ती गेली.

त्या मेमोनंतर वसतिगृहाचं डिझेल एकदाही संपलं नाही. आत्याची नोकरी शेवटपर्यंत टिकली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आता आमच्या घराला बारा महिने दार असतं.