कातरणाच्या पिशव्या

लग्न होऊन सोलापूरहून म्हैसूरला आले, त्या वर्षी दसऱ्यात आमच्या घरी गोंबे बसले. म्हणजे बाहुल्यांची मांडणी. नऊ दिवस बायका ती बघायला येत. प्रत्येकीला विडा-नारळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून द्यायची तेव्हा नवी पद्धत पडली होती. सण संपला आणि अग्रहारातल्या आमच्या गल्लीचं गटार त्या पिशव्यांनी तुंबलं. सासूबाई दोन दिवस काठीने त्या उपसत होत्या.

पुढच्या वर्षी मी म्हटलं, कापडी पिशव्या शिवू या. सासरे शिंपी, दुकानात कातरणाची गाठोडी पडलेलीच असायची. दुपारी मशीन रिकामं झालं की मी तुकडे जोडत बसे. पन्नासेक पिशव्या झाल्या.

तिसऱ्या माळेला मागच्या गल्लीतल्या एक शिक्षिका आल्या. त्यांनी पिशवी हातात घेतली, उलटून पाहिली आणि हळूच कानडीत विचारलं, "हे माझ्या ब्लाउजचं रेशीम ना?"

जांभळं, जरीच्या काठाचं. सासऱ्यांचा चेहरा उतरला. उरलेला तुकडा गिऱ्हाइकाला परत करायचा हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. या बाईंचं कातरण त्यांनी वेगळं गुंडाळून फळीवर ठेवलं होतं. तेही मी न विचारता उचललं होतं. मी तसं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. माझी कानडी मध्येच संपली, तेव्हा पुढचं सासूबाईंनी सांगितलं.

बाईंनी पिशवीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "ते न्यायला मी कधी आलेच नसते. अजून आहे का? माझ्या बहिणीसाठी एक शिवाल?"

बायका गेल्यावर सासऱ्यांनी मला हाक मारली. आता बोलणी बसणार, असं वाटलं. ते पिशवीची शिवण ओढून पाहत होते.

"पुढच्या वेळी विचारून घे," ते म्हणाले. "आणि तळाला दुहेरी टीप मार. नारळाचं वजन असतं."

पुढल्या श्रावणापासूनच बायका ब्लाउज शिवायला टाकताना सांगू लागल्या, कातरण सुनेला द्या. आमच्या पिशव्या घरोघर फिरू लागल्या. कधी कुणाच्या घरचा विडा-नारळ घेऊन आमच्याकडेच परत यायच्या. त्या धुऊन, इस्त्री करून ठेवायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं होतं. ओळखीचं कापड दिसलं, की ते कुणाच्या साडीवरचं ते मला सांगायच्या. त्या गल्लीतल्या बायका मला अशाच एकेक करून माहीत झाल्या.