एका घासानं काय होते

आमच्या गल्लीत सून सासूशी वर्षभर बोलली नाही तर लोक एकवेळ म्हणतील, असेल बापा काही कारण. पण सुनेनं सासूच्या ताटातली पोळी काढून घेतली, तर तिला सात जन्म माफी नाही. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सांगितलं असतं तरी मी काय वेगळं केलं असतं, हे मात्र माहीत नाही.

मी सिंदी मेघेत राहते. वर्ध्याला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. नवरा एसटीत आहे, त्याची ड्युटी लागेल तिकडं तो. घरात तिसऱ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणते आणि अहोजाहो करते, त्या मला कधी सुनबाई म्हणतात आणि कधी नुसतंच ‘वो’.

आईंना शुगर जुनीच. आमच्याकडं तिला कोणी आजार म्हणत नाही. गुडघे दुखतात तशी शुगर असते. गोळी घ्यायची, चहात साखर थोडी कमी टाकायची आणि लग्नाकार्यात जे पानात पडेल ते खायचं, अशी त्यांची वीसेक वर्षं आरामात गेली. मग एका सकाळी त्यांच्या उजव्या डोळ्यापुढं काळी जाळी आली. त्यांनी पदरानं डोळा पुसला, पाण्यानं धुतला, आणि कोणालाच काही सांगितलं नाही. आम्हाला कळेपर्यंत तो डोळा गेला होता.

डॉक्टर म्हणाले, याचं आता होण्यासारखं काही नाही, डावा सांभाळा. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. त्याच्या मागं पडदाही खराब व्हायला लागला असणार, पण मोतीबिंदू काढल्याशिवाय आतलं नीट दिसत नाही आणि उपचारही करता येत नाही. आणि मोतीबिंदू काढायचा तर साखर ताब्यात हवी, नाहीतर जखम चिघळायची. म्हणजे साखर उतरेना म्हणून ऑपरेशन होईना, आणि ऑपरेशन होईना म्हणून पडदा आत जळत चाललेला. डॉक्टरांनी हे अगदी शांतपणे सांगितलं. मी मान डोलावली. नवरा दवाखान्याबाहेर येऊन म्हणाला, “तू पाहून घेजो.” तो वाईट माणूस नाही. त्याला आपल्या आईला ‘नाही’ म्हणता येत नाही, एवढंच.

तिथल्याच आहाराच्या मॅडमनी ओट्स सांगितले. नुसतं ‘ओट्स खा’ असं नाही, सगळं समजावून सांगितलं. जाड पापडीचे घ्यायचे, दोन मिनिटांत होतात ते नाही. दुधात, केळ्यात, मधात नाही. भाज्या आणि मूठभर मूगडाळ घालून तिखटामिठाचे करायचे. आणि हो, फार शिजवायचे नाहीत. त्यांची पेज झाली की ते पोटात गेल्यागेल्या साखर होतात. दाताखाली आले पाहिजेत.

आईंच्या तोंडात दातच नाहीत. कवळी आहे, ती डब्यात असते.

पहिल्या दिवशी मी कांदा, सांबार, हिरवी मिरची घालून मोठ्या हौसेनं ओट्स केले. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. ताटली पुढं ठेवली. आईंनी डोळ्याजवळ नेऊन पाहिली, बोटानं थोडं चाचपलं आणि म्हणाल्या, “हे तं कण्या हायेत.”

“कण्या नाहीत आई, ओट्स आहेत.”

“मले नको शिकवू. ज्वारीच्या कण्या खाऊन लहानाची मोठी झाली मी. गव्हाची पोयी आमच्या घरात सणाले होत होती. आता कुठं रोज पोयी भेटून राह्यली, तं तू मले परत कण्यावर आनलं.”

मला हसूही आलं आणि आतून तुटलंही. त्यांनी ओट्स खाल्ले, ताटली माझ्या हातात दिली, आणि म्हणाल्या, “झालं औषध. आता जेवायले वाढ.”

हा घोळ दोन आठवडे चालला. मी ओट्स करून ऑफिसला जायची आणि आई त्यानंतर जेवायच्या. पोटात पोळी गेली नाही तर ते जेवण कसलं? ओट्स म्हणजे गोळीच, फक्त जरा मोठी. साखर उतरायची सोडून चढली. मी यंत्रावर आकडा पाहायची आणि डोकं धरून बसायची. मग एक दिवस सुट्टी घेऊन घरी थांबले, तेव्हा कळलं की आई ओट्सनंतर पोळ्यांचा डबा उघडतात. डबा मी वरच्या फळीवर ठेवायला लागले.

तो पोळ्यांचा डबा फळीवर चढला आणि माझं नाव गल्लीत खाली आलं.

मी सकाळी गेले की संध्याकाळीच परतायची. दिवसभर आई दाराबाहेरच्या ओट्यावर. येणारीजाणारी बाई बसणार, विचारणार, “जेवल्या का आजी?” आई खोटं बोलत नाहीत. म्हणायच्या, “खाल्ल्या कण्या.” झालं. कमावती सून, घरात फ्रीज, गाडी, आणि सासूला कण्या! समोरच्या काकू पदराआड वाटी आणायला लागल्या. कोणाकडं सांज्याची पोळी, कोणाकडं उरलेला शिरा. महालक्ष्म्यांच्या दिवसांत तर विचारूच नका, तुपात बुडालेलं पुरण चार घरांतून आलं. मी एकदा काकूंना हात जोडून सांगितलं की यांच्या डोळ्याचा प्रश्न आहे. काकू माझ्या पाठीवर हात फिरवून गोड आवाजात म्हणाल्या, “अवो, एका घासानं काय होते?”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही ओळखीन. प्रत्येकाचा घास एकच असतो. खाणारी मात्र एकटी असते, हे देणाऱ्याच्या लक्षात येत नाही. लेक असते तर ओरडले असते, वाटी परत केली असती, लोक म्हणाले असते, किती जीव आहे मायवर. सुनेनं तेच केलं की ती सासूला उपाशी मारते. मी नवऱ्याला म्हटलं, तू बोल. तो ओट्यावर गेला, काकूंशी पाऊसपाण्याच्या गोष्टी केल्या आणि आत आला.

तरी मी सोडलं नाही. माझ्यात दुसरं काही नसलं तरी हट्ट आहे. पापडीचे ओट्स रात्री भिजत घालायला लागले, म्हणजे फार न शिजवताही हिरड्यांनी चावता येतील. त्यात मेथी, दुधीचा कीस, वरून जवसाची चटणी. आईंना जवसाची चटणी जीव की प्राण. तिच्यासाठी त्या ओट्स खाऊ लागल्या. मग पोळी बंद नको, पण ओट्सवर लगेच नको, दुपारी एक घ्या, असं आमचं ठरलं. संध्याकाळी मी त्यांचा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवत न्यायची. लोक पाहायचे. पाहू देत म्हटलं.

हळूहळू आकडे बसले. एका आठवड्यात उतरले, दुसऱ्यात तिथंच राहिले. मला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटायची, दूध उतू जाईल म्हणून गॅसजवळ उभं राहतो तशी. डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला. म्हणाले, आदल्या दिवशी तपासू, साखर अशीच राहिली तर करून टाकू. त्या रात्री आई मला म्हणाल्या, “दिसाले लागलं का पयले तुये केस पाह्यतो मी. पिकले म्हनते का नाई?” मी म्हटलं, पिकले, तुमच्यापायीच पिकले. आम्ही दोघी हसलो.

आणि आईंचा भाऊ गेला.

गिरडच्या अलीकडं त्यांचं माहेर. पाठचा एकच भाऊ, खेड्यात शेती करून राहिलेला. मातीला आम्ही जाऊन आलो, तिथं खाण्याचा प्रश्न नव्हता. पण तेरवी नेमकी तपासणीच्या आदल्या दिवशी आली. न जाणं शक्य नव्हतं. आमच्यात तेरवीला घरच्यांचं तोंड गोड करतात, तेव्हा दुखवटा उतरतो. आणि मोठी बहीण असली तर तिचं तोंड आधी. ती गोड खाईपर्यंत बाकीची पंगत हात लावत नाही.

मी डब्यात ओट्स भरून घेतले. नवऱ्याला ड्युटी होती. आम्ही दोघीच एसटीनं निघालो. समुद्रपूर सोडल्यावर आईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, “टेकडी आली का वो?” गिरडची दर्ग्याची टेकडी दिसली की त्या लहानपणापासून हात जोडतात. टेकडी उजवीकडं होती. आईंनी डावीकडच्या खिडकीला हात जोडले.

मांडवात पंगती बसल्या. पानात बुंदी, वडे, भाजी. मी आईंच्या शेजारी बसून डबा उघडला तशी सगळ्यांची नजर डब्यावर. कोणीतरी विचारलं, “हे काय वो?” मी सांगितलं, आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, उद्या तपासणी आहे, गोड चालत नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मामीजींनी, म्हणजे भावाच्या बायकोनं, रडतरडत बुंदीचा घास उचलला. “त्यायच्या नावाचा हाय बाई, नाई म्हनू नका.” आईंनी तोंड उघडलं.

मी मनात म्हटलं, ठीक आहे, एक घास.

मग मोठा भाचा आला. माझ्या आईचा घास घेतला आणि माझा नाही? मग धाकटा. मग त्यांच्या बायका, एकीचा घेतला तर दुसरीचा मोडता येत नाही. मग भावाची लेक आली, ती सासरहून आलेली, बापावर जीव टाकणारी, तिनं तर आत्याच्या गळ्यातच पडून घास भरवला. मी “बस झालं, बस” म्हणत होते, आणि माझा आवाज माझ्याच कानाला कसातरी लागत होता. प्रत्येकजण माझ्याकडं पाहून समजुतीनं म्हणे, “एकच वो.” आई तोंड उघडत होत्या, गिळत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी डबा मांडीवर धरून बसले होते. त्याचं झाकणही लावायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी आकडा जो यायचा तो आला. नुसती बुंदीच नाही, रडणं, प्रवास, जागरण, सगळंच त्यात उतरलं असेल. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. म्हणाले, एवढ्यावर मी हात लावणार नाही. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, “घरात यांच्या खाण्याकडं कोणी लक्ष देत नाही का?” मी म्हटलं, देतो सर, देऊ.

पुन्हा ओट्स, पुन्हा चालणं. पण आई आतून खचल्या होत्या, त्यांना ताप आला, पायाला फोड आला, साखर वर गेली ती खाली यायलाच तयार होईना. शेवटी ती बसली तोवर बरेच महिने गेले होते. डॉक्टरांनी मोतीबिंदू काढला. ऑपरेशन छान झालं. पट्टी सोडली. आईंना उजेड कळला, माणूस उभं आहे एवढं कळलं, पुढं काही नाही. मागचा पडदा तोवर गेला होता. लवकर ऑपरेशन झालं असतं तर, असं डॉक्टर म्हणायला लागले आणि मध्येच थांबले.

येताना ऑटोत मी इतके दिवस दाबून ठेवलेलं बोलून टाकलं. आवाज चढला माझा, ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं. “तुम्हाला सगळं कळत होतं आई. मी शेजारी बसले होते. का खाल्लं तुम्ही? एकदा नाही म्हणाला असता तर कोणी जबरदस्ती केली असती का?”

आई माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, “मी नाई म्हटलं असतं तं त्यायनं मले काई म्हटलं नसतं. तुयाकडं पाह्यलं असतं. म्हटलं असतं, सुनेनं बंद केलं. गल्लीत बाया काय बोलतेत, थे मले आयकू येते वो. दिसत नाई, पन आयकू येते. माया माहेरात तरी तुले कोनी नाव ठेवू नये, म्हून खाल्लं.”

मला त्यांचा राग आला, माझा आला, त्या सगळ्या घास भरवणाऱ्यांचा आला, आणि कोणावरही तो काढता येईना. मी त्यांचा हात हातात घेतला.

“रडून राह्यली का तू?” आईंनी विचारलं.

नाही, म्हटलं मी. आता त्यांच्याशी खोटं बोलणं सोपं झालं होतं.