दाजींची दुसरी आंघोळ

सकाळी सात वाजता भाचीचा फोन आला. "मामा, बाबा न्हाणीत पडलेत, लवकर या." मी दोन गल्ल्या पळत गेलो. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पाऊण तासापूर्वी हाच माणूस माझ्यासोबत हसत होता... याला आता सात आठवडे झाले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे जळकोटचे. मुदखेडला रेल्वेच्या तिकीट खिडकीवर त्यांची उमर गेली आणि निवृत्तीनंतर ते नांदेडला आमच्याच कॉलनीत राहायला आले. दारात कुणीही आलं की विचारायचे, "बोला, कुठलं देऊ?" सकाळी आम्ही सात-आठ जण मैदानावर फिरायचो. गेल्या दिवाळीनंतर मी मोबाईलवर बर्फाच्या पाण्यात बसणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले आणि डोक्यात ते खूळ शिरलं. मैदानाशेजारी एका मित्राचा प्लॉट होता. तिथं निळा ड्रम ठेवला, कारखान्यातून बर्फाची लादी आणायला लागलो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं माझा शब्द सगळ्यांना खरा वाटायचा. रक्ताभिसरण सुधारतं, हृदय मजबूत होतं, असं मी छातीठोक सांगत होतो.

दाजींना बीपीची गोळी चालू होती. ते म्हणाले, "गोळीवाल्यानं बसावं का? डॉक्टरला इचारून घेऊ." मी म्हणालो, "ते नाहीच म्हणणार. बसा तुम्ही, महिन्याभरात गोळी सुटेल." हे वाक्य माझंच आहे, त्यात मला बदल करता येत नाही. पहिल्या दिवशी गळ्यापर्यंत पाण्यात गेल्यावर त्यांना धाप लागली, ओठ निळे पडले. मी घड्याळ पाहून "अजून एक मिनिट" म्हणत होतो.

अक्काला कळलं असतं तर तिनं ड्रमच फोडला असता, म्हणून तिला सांगायचं नाही असं ठरलं. पण तिची चाळीस वर्षांची रीत होती. दाजी फिरून येईपर्यंत बादलीत हीटरचा रॉड लावून पाणी कढत करून ठेवायचं. नको म्हटलं तर ती कारण विचारणार. मग दाजी ड्रममधून निघून घरी जायचे आणि लगेच ते कढत पाणी अंगावर घ्यायचे. म्हणायचे, "बहिणीनं तापवायचं, भावानं गारठवायचं. तुमचं घराणं मला काय समजून राहिलंय?" आम्ही पोट धरून हसायचो.

तेराव्यानंतर मी डॉक्टरांना एकट्यात सगळं सांगितलं. ते म्हणाले, बर्फाच्या पाण्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो, हृदयावर ताण येतो. त्यावर लगेच कढत पाणी घेतलं की त्या एकदम सैल पडतात, दाब झपकन उतरतो. गोळीवाल्याचा जास्तच. "याच्यानंच झालं असं आता सांगता येणार नाही. पण हे करायला नको होतं."

इकडं अक्का भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला एकच विचारत होती, "पाणी लई कढत झालं होतं का वं? माझ्याच हातानं काढलं होतं मी..." ऐन थंडीत ती स्वतः नळाच्या गार पाण्यानं आंघोळ करायला लागली. भाची रडायची, पण ती ऐकत नव्हती. आणि मी समोरच्या खुर्चीत बसून चहा पीत होतो. पाच आठवडे पीत होतो.

एका रविवारी दुपारी सांगून टाकलं. ड्रम, बर्फ, गोळी, माझं ते वाक्य, डॉक्टरांचं म्हणणं, सगळं. अक्का गहू निवडत होती. तिचा हात थांबला.

"त्यांची गोळी चालू हाय, हे ठावं होतं तुला?"

"हाव."

"अन् मी रोज इचारून राहिले होते, तवा तू हितंच बसलेला होतास?"

"हाव, अक्का."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "ऊठ. जा तू."

हे छापायला देण्याआधी मी भाचीमार्फत तिला विचारलं. उत्तर आलं, "लिही म्हणावं. लोकांनी गोळीचं डॉक्टरला इचारलं पाहिजे." माझ्याशी मात्र ती अजून बोलत नाही. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना भाचीचा फोन आला होता. "मामा, आईनं आज रॉड लावला. स्वतःसाठी." मी बरं म्हणालो आणि चप्पल घातली.